जत्रेतलं गाणं आणि भाऊंची पेटी

'प्रिय अक्का,
मी बेळगावातल्या शहापूरची. वय ६४, शाळेतून निवृत्त. आमचे हे सत्तरीचे. यांनी उमेदीची तीस वर्षं हौशी संगीत नाटकांना पेटीची साथ केली. सौभद्र तर आजही डोळे मिटून वाजवतील. मुलगी फ्लोरिडात, टँपाला असते. फेब्रुवारीत आम्ही पहिल्यांदाच तिच्याकडं चाललोय. एक दिवस ती आम्हाला ऑर्लँडोला, डिस्नेच्या एप्कॉट बागेत नेणार आहे. न्यूयॉर्कच्या ब्रॉडवे नाटकांत काम केलेले गायक त्या दिवसांत तिथं येतात आणि त्या नाटकांतली गाणी म्हणतात म्हणे. जागा नक्की मिळावी म्हणून जेवणासकटचं पॅकेज घेऊया असं तिचं म्हणणं. ऐकूनच यांचं डोकं फिरलं. "नाटक नाही, पोशाख नाही, भाषा आपली नाही, आणि गाणं कुठं तर पाळण्यांच्या जत्रेत! त्यापेक्षा मी घरी बसतो." नात सात वर्षांची, तिला पाळण्यांत बसायचंय. माझे गुडघे दुखतात. मुलगी लहानपणी तालमीत पेटीच्या शेजारीच झोपायची. तिला आता वाईट वाटलंय. असलं काही खरंच बघण्यासारखं असतं का? की तिला सरळ नको म्हणून सांगू?'

वैनी,

जा. अर्धा तासच आहे, ऐकून या. पॅकेज घ्यायचं की नाही हा वेगळा हिशेब, तो पुढं मांडते. आणि भाऊंना घरी बसवू नका. त्या अर्ध्या तासाची गरज तुमच्यापेक्षा त्यांना जास्त आहे.

हे मी ऐकीव सांगत नाही. माझा मुलगा अटलांटाला असतो. करोनाच्या आदल्या वर्षी, फेब्रुवारीतच, त्यानं मला मोटारीत घालून ऑर्लँडोला नेलं होतं. मीही जाताना तोंड वाकडं करूनच गेले. कारण त्याच्या आधी आपल्या देशातल्याच एका करमणूक बागेत 'लाइव्ह म्युझिकल' बघून कानाला खडा लावला होता. बागेचं नाव सांगत नाही. वीस मिनिटं चकचकीत कपड्यांतली पोरं नाचली, ओठ हलवले, आवाज सगळा कर्ण्यातून. मधेच एका पोराचा गालावरचा माइक निसटून गळ्यात लोंबायला लागला, तरी त्याचं गाणं आपलं ठणठणीत चालूच! माझ्या पुढच्या रांगेतली एक चिमुरडी खुदकन हसली, तिला आईनं चापटी मारली. लाइव्ह काय, तर घाम तेवढा लाइव्ह.

म्हणून बागेतल्या कार्यक्रमाला जायचं का, असं कुणी विचारलं की मी एकच उलटं विचारते: गळा खरा आहे का? खरा असेल तर पुढचं बोलू. नसेल तर पाळण्यात बसा, तो तरी खरंच फिरतो.

एप्कॉटला गळे खरे आहेत. ही ऑर्लँडोतल्या डिस्नेच्या चार बागांपैकी एक, १९८२ साली उघडलेली. तिचा मागचा भाग म्हणजे एक मोठं तळं आणि तळ्याकाठी अकरा देशांचे वाडे: मेक्सिको, नॉर्वे, चीन, जर्मनी, इटली, अमेरिका, जपान, मोरोक्को, फ्रान्स, ब्रिटन, कॅनडा. (आपला नाही. मी तीनदा मोजले.) २०१७ पासून तिथं जानेवारीच्या मध्यापासून फेब्रुवारीअखेरपर्यंत कलांचा महोत्सव भरतो, आणि तुमची मुलगी म्हणते ते गाणं त्यातलंच. अमेरिकेच्या वाड्यासमोर, तळ्याच्या अगदी काठावर एक उघडं नाट्यगृह आहे. रंगमंचाच्या मागं पाणी, समोर बाकं. एका संध्याकाळी एकाहून जास्त खेळ होतात, प्रत्येक साधारण अर्ध्या तासाचा. बागेच्या तिकिटातच हे येतं. तिकीटच शंभर डॉलरच्या वरचं आहे म्हणा, तेव्हा 'फुकट' हा शब्द भाऊंपुढं काढू नका.

गाणारी माणसं म्हणजे ब्रॉडवेवर, न्यूयॉर्कच्या मॅनहॅटनमधल्या त्या एकेचाळीस नाट्यगृहांत, किंवा तिथल्या नाटकांच्या दौऱ्यांत डिस्नेच्या नाटकांतली कामं प्रत्यक्ष केलेले नट-नट्या. तिकडं नाटक चालू असताना आठवड्याला आठ खेळ करायची रीत आहे. आठ! आपल्या जुन्या कंपन्यांतल्या गायकांनी ऐकलं असतं तर गळ्याला मफलर गुंडाळून गावाकडं पळाले असते. एवढ्या खेळांतून तावून निघालेला गळा उघड्यावर, वाऱ्यात, पोरांच्या किलबिलाटातसुद्धा हलत नाही. हे मी कानांनी ऐकलंय.

आता 'जत्रा'. भाऊंना माझा निरोप सांगा की जत्रेला नावं ठेवायचा हक्क मराठी नाटकवाल्याला नाही, आणि बेळगावच्या नाटकवाल्याला तर मुळीच नाही. कर्नाटकातून भागवत मंडळींचा खेळ सांगलीला आला. तो बघून सांगलीच्या पटवर्धन राजेसाहेबांनी विष्णुदास भाव्यांना तसलं काही मराठीत करायला सांगितलं, आणि १८४३ साली सीतास्वयंवर उभं राहिलं. म्हणजे आपल्या नाटकाचं मूळच मुळी कन्नड मुलखातल्या खेळात. त्याच १८४३ साली आपल्या जिल्ह्यात, गुर्लहोसूरला, अण्णासाहेब किर्लोस्कर जन्मले. पुढं पुण्यात त्यांनी एका पारशी कंपनीचं इंद्रसभा बघितलं, उर्दूतलं. बघून आले आणि तसं गाण्याचं नाटक मराठीत लिहायला बसले. १८८० मध्ये संगीत शाकुंतल रंगभूमीवर आलं. अण्णासाहेब त्या दिवशी 'भाषा आपली नाही' म्हणून घरी बसले असते, तर भाऊंनी तीस वर्षं पेटीवर काय वाजवलं असतं, विचारा त्यांना.

आणि आपल्या गावांच्या यात्रा विसरले होय भाऊ? देवीची ओटी भरून झाली की देवळापुढं मांडव, मांडवात गावच्या पोरांचं नाटक, पलीकडं पाळणा, फुगेवाला, जिलबीची कढई. नायक विषाचा पेला तोंडाला लावणार, तेवढ्यात पाळणेवाल्याचा भोंगा वाजणार. पुढच्या सतरंजीवर पोरं झोपलेली, मागं गाडीवर बसून बघणारे गडी, आणि पडद्याच्या कडेला पेटीवाला. खानापूर तालुक्यातल्या असल्या मांडवांत भाऊ किती रात्री बसले असतील, हिशेब आहे का? तिकडं गोकाकच्या बाजूला श्रीकृष्ण पारिजात हे कन्नड लोकनाट्य अजून जत्रांतच रंगतं. जत्रेत गाणं टिकतं म्हणजे ते गाणं दणकट आहे. बंद थेटरात, काळोखात, तिकीट काढून मुकाट बसलेल्या माणसांपुढं कुणीही गाईल.

दुसरी तक्रार 'नाटक नाही, पोशाख नाही'. ही वाचून मला हसू आलं, वैनी. लोकमान्य रंगमंदिरात नाट्यगीतांची मैफल असली की भाऊंसारखी माणसं पहिल्या रांगेतल्या खुर्च्या धरून बसतात. तिथं गाणारी बाई काय सुभद्रेच्या शालूत येते? साधी साडी, पेटी, तबला, बाजूला एक निवेदिका. पण पहिला सूर लागला की भाऊंच्या डोळ्यांपुढं अख्खा पडदा वर जातो. संन्याशाच्या वेषातला अर्जुन दिसतो, बलराम दिसतो, कुठल्या सालच्या खेळात कुणी काय गोंधळ घातला तेही दिसतं. तो पडदा स्टेजवर नसतोच. ऐकणाऱ्याच्या डोक्यात असतो.

एप्कॉटलाही हेच. एक बाई, एक गडी, मागं वादक. कपडे आपले समारंभाला घालतात तसले. गाण्यांच्या मधे स्वतःच्या हकीकती सांगतात, पहिली निवड कशी झाली, पहिल्या खेळाला पाय कसे लटपटले. आणि समोर बसलेल्या निम्म्या माणसांच्या डोक्यात पडदा वर जात असतो. माझ्या शेजारी पन्नाशीची एक बाई होती. पदाचे पहिले दोन सूर वाजले आणि तिनं नवऱ्याचा हात धरला. अजून शब्द एकही आला नव्हता. माझ्या डोक्यात मात्र काहीच नव्हतं. सूर गोड लागत होते, पण तिला जे दिसत होतं ते मला दिसत नव्हतं. मला त्या बाईचा हेवा वाटला, खोटं कशाला बोलू.

ही अडचण खरी आहे, आणि बेळगावातच, जायच्या आधी सुटण्यासारखी आहे. त्याबद्दल लगेच सांगते. पण त्याआधी एक फरक भाऊंच्या कानावर घाला, नाहीतर तिथं बसून चिडतील.

आपलं नाट्यपद कथेला थांबवतं. नट दोन पावलं पुढं येतो, राग मांडतो, जागा घेतो, ताना घेतो, लोक वन्समोअर देतात, मग पुन्हा पहिल्यापासून. युद्ध असो की विरह, सगळ्यांनी वाट बघायची. बालगंधर्वांच्या काळात असं करता करता रात्र सरायची. तिकडचं पद कथेला ढकलतं. पद सुरू होताना पोरगी आपल्या गावाला कंटाळलेली असते. पद संपताना तिनं उंबरठा ओलांडायचं ठरवलेलं असतं, आणि हे सगळं तीन-चार मिनिटांत. आलापाला जागा नाही. एकेका शब्दावर गोष्ट पुढं सरकते, म्हणून शब्द चावून चावून स्पष्ट म्हणतात. आणि गंमत बघा, 'वन्समोअर' हा शब्द इंग्रजीतला, पण तो देतो आपणच. तिकडं टाळ्या देतात, शिट्ट्या घालतात, उभे राहतात. पण तेच पद परत म्हणायला लावत नाहीत. भाऊंनी दिला तर देऊ द्या. मुलगी लाजेल, पण गाणाऱ्याला बरं वाटेल.

डिस्नेच्या कार्टून-सिनेमांतली पदं नाटकातल्यासारखी का वाटतात, त्यालाही कारण आहे. लिटल मर्मेड आणि ब्यूटी अँड द बीस्टमधल्या पदांचे शब्द लिहिणारा हॉवर्ड अ‍ॅशमन आणि चाली बांधणारा अ‍ॅलन मेंकन, ही जोडी मुळात न्यूयॉर्कच्या छोट्या रंगभूमीवरची. सिनेमा करायला आले तरी हाताला सवय नाटकाची. सुरुवातीलाच नायिकेनं एक पद म्हणायचं आणि आपल्याला काय हवंय ते सांगून टाकायचं, ही त्यांनी नाटकातून आणलेली रीत. ब्यूटी अँड द बीस्टचा सिनेमा १९९१ च्या नोव्हेंबरात आला. अ‍ॅशमन त्याच वर्षी मार्चमध्ये गेला होता, चाळीस वर्षांचा. १९९४ मध्ये तीच पदं ब्रॉडवेवर गेली. आपल्याकडं नाटक कंपन्या मोडल्या आणि नट सिनेमात गेले. तिकडं सिनेमातली पदं नाटकात परत आली. भाऊंना यावर दोन तास बोलायला विषय मिळेल, विमानात वेळ जाईल.

दोषही सांगते, नाहीतर म्हणाल अक्का डिस्नेची दलाल झाली. त्या अर्ध्या तासात सगळे कळसच आहेत, देऊळ कुठंच नाही. नाटकात ज्या पदापर्यंत पोचायला दीड तास लागतो, ते पद इथं नमस्कार झाल्याबरोबर अंगावर येतं. ते ओसरायच्या आत दुसरं, तसंच. बहुतेक पदांचा शेवट उंच सुरावर, हात पसरून, आणि लोक उभे. तिसऱ्या पदानंतर मला अर्धा किलो गोडमिट्ट कुंदा एकटीनं खाऊन बसल्यासारखं झालं. कुंदा वाईट नव्हता हो. पण मधे एखादी भाकरी हवी होती, एखादं मंद, खालच्या पट्टीतलं, कुणालाही जिंकायला न निघालेलं गाणं. ते नाही मिळालं. दीड तासाचा असता तर मी मधूनच उठले असते. अर्धा तासच असतो हे बरं आहे.

तरी चौथ्या की पाचव्या पदाला माझ्या अंगावर काटा आला. सिंहाचं नाटक, लायन किंग, १९९७ च्या नोव्हेंबरपासून ब्रॉडवेवर चालू आहे. त्याच्या पहिल्या पदाची सुरुवातच झुलू भाषेत आहे. ती हाक तळ्यावरून गेली आणि बाकांवरचं सगळं चिडीचूप झालं. समोरच्या अमेरिकन माणसांना त्यातलं अक्षर कळत नव्हतं, मलाही नाही. त्या एका ओळीपुरते आम्ही सगळे सारखेच अडाणी होतो. भाषेचं एवढंच. नाहीतरी भीमसेन जोशी पुरंदरदासांचं पद म्हणायला लागले की आपल्यातले किती जण शब्दाशब्दाला अर्थ लावत बसायचे?

आता घरची तयारी. मुलीकडून व्हॉट्सअ‍ॅपवर चार पदं मागवा. चारच: लायन किंग, ब्यूटी अँड द बीस्ट, अलादीन आणि फ्रोझन यातलं एकेक. कुठल्या दिवशी काय म्हणतील ते गाणाऱ्यावर असतं, पण हे सगळं डिस्नेचंच घराणं, यातलं काही ना काही कानावर पडेलच. कथा मुलीला विचारू नका. नातीला विचारा. सात वर्षांच्या पोरीला फ्रोझनची गोष्ट पाठ नसेल असं होणारच नाही, आणि आजोबांना शिकवायला मिळतंय म्हटल्यावर ती रोज रात्री फोनवर बसेल. आजोबांनी ती पदं पेटीवर काढायची. एक इशारा मात्र देऊन ठेवा. शेवटच्या कडव्याला ही मंडळी पुष्कळदा अख्खी पट्टीच वर सरकवतात. काळी एकमध्ये चाललेलं गाणं, न सांगता न विचारता, काळी दोनमध्ये जातं. पेटीवाल्याला पहिल्यांदा घामच फुटेल. भाऊंना ते आवडेल किंवा संताप येईल, पण 'नुसतं गाणं' म्हणून सोडून देता येणार नाही.

माझं ऐकायचं असेल तर तिथं गायकांकडं एक डोळा आणि साथीदाराकडं एक डोळा ठेवायला सांगा. आमच्या ओळीत बसलेल्या एका माणसानं अर्धा तास फक्त वादकांकडंच बघितलं. तोही कुठंतरी साथ करणाराच असणार.

पॅकेजचा हिशेब. त्यात जागा राखून मिळते, हे खरं. पण त्यासाठी ठरलेल्या हॉटेलात, ठरलेल्या वेळी पुरं जेवण घ्यावं लागतं: आधी काहीतरी, मग मुख्य ताट, मग गोड. आपल्या वयाची दोन माणसं आणि एक सात वर्षांची पोर, कलत्या उन्हात तेवढं खाणार आहात का? निम्मं ताटात राहील, आणि भाऊ उरलेल्या प्रत्येक घासाला डॉलरच्या भावानं गुणत बसतील. त्या मनःस्थितीत कुणाचंही गाणं बेसूर लागतं. मी पॅकेज घेतलं नव्हतं. खेळाच्या पाऊण तास आधी साध्या रांगेत लागलो, जागा मिळाली. शनिवार-रविवार टाळायला सांगा. संध्याकाळचा पहिला खेळ धरा. तो चुकला तर पुढचा हाताशी असतो.

रांग आणि गुडघे हे मात्र जमत नाही. तेव्हा लाज सोडा आणि दारातच व्हीलचेअर भाड्यानं घ्या. मी घेतली नव्हती आणि रात्री मुलाकडून पाय चेपून घेतले. त्या तळ्याभोवतीची वाटच जवळजवळ दोन किलोमीटर आहे, आणि अमेरिकेचा वाडा प्रवेशद्वारापासून सगळ्यांत लांब, बरोबर पलीकडच्या टोकाला. तळ्यातून होडी सुटते, ती पकडली तर पुष्कळ पावलं वाचतात. टँपाहून ऑर्लँडो म्हणजे बेळगाव-कोल्हापूरपेक्षा थोडं जास्तच अंतर. सकाळी लवकर निघालात तर दुपारी कुठंतरी सावलीत बसून घ्या, संध्याकाळसाठी दम राखा.

आणि शाल. फ्लोरिडा म्हणजे उकाडा असं समजून आपली माणसं सुती कपड्यांत जातात. फेब्रुवारीत दिवस सुखाचा असतो, पण रात्री पारा १०-१२ अंशांपर्यंत उतरू शकतो, वर तळ्यावरचा वारा. आपल्याकडं डिसेंबरात पहाटे दूध आणायला निघाल्यावर लागते तसली थंडी. भाऊंची कानटोपी न्या, फोटो वाईट आले तरी चालतील.

अजून एक, जे तुमच्या मुलीलाही कदाचित सुचलं नसेल. त्या नाट्यगृहाच्या समोरच, अमेरिकेच्या वाड्यात, घुमटाखाली एक चमू गातो. व्हॉइसेस ऑफ लिबर्टी नाव. १९८२ पासून, म्हणजे बाग उघडली तेव्हापासून. वाद्य एकही नाही, नुसते गळे, एकात एक विणलेले. लोक जमिनीवर फतकल मारून ऐकतात. विजापूरला गोलघुमटात पोरं हाका मारून प्रतिध्वनी ऐकतात ना, तसा त्या घुमटाचा उपयोग ही माणसं सुरासाठी करतात. वेळा त्या दिवशीच्या पत्रकात बघून घ्या. खरं सांगू? मला ब्रॉडवेवाल्यांपेक्षा हे जास्त आठवतं. भाकरी मिळाली ती तिथं.

नातीचं काय? सात वर्षांची पोर पोशाखाशिवाय अर्धा तास बसेल की नाही, सांगता येत नाही. तिला सजलेलं-नटलेलं नाटक बघायचं असेल तर डिस्नेच्याच हॉलीवूड स्टुडिओज नावाच्या दुसऱ्या बागेत ब्यूटी अँड द बीस्टचा छोटा खेळ आहे. तो सुरू झाला १९९१ मध्ये, सिनेमा लागला त्याच दिवशी. ब्रॉडवेच्या आधी जवळजवळ अडीच वर्षं! म्हणजे आधी जत्रेत, मग ब्रॉडवेवर. हेही भाऊंना ऐकवा. अ‍ॅनिमल किंगडममध्ये लायन किंगचा एक मोठा नाचगाण्याचा खेळ आहे. पण ती वेगळी बाग, वेगळं तिकीट, वेगळा दिवस. एका दिवसात दोन बागा करायच्या भानगडीत पडू नका, तुमचे गुडघे मला शिव्या घालतील. नातीला सकाळी जावयाबरोबर पाळण्यांना सोडा, संध्याकाळी तीही दमलेली असेल.

अख्खं नाटक बघायची हौस पुढं कधी आलीच, तर न्यूयॉर्कच गाठायला पाहिजे असं नाही. मुंबईत आपल्याच कलाकारांनी २०१५ मध्ये ब्यूटी अँड द बीस्ट आणि २०१८ मध्ये अलादीन केलं होतं. २०२३ पासून तर बाहेरची मोठी संगीत नाटकंही मुंबईला यायला लागलीत. राणी चन्नम्मा एक्स्प्रेसनं मिरजेला उतरायचं, पुढं मुंबईची गाडी. पण ते नंतर.

आता तुमचा शेवटचा प्रश्न, मुलीला सरळ नको म्हणून सांगू का. नको सांगायचं ते पॅकेजला. फ्लोरिडात म्हाताऱ्या आईबापांना न्यायला समुद्र आहे, रॉकेटं उडतात ते केनेडी स्पेस सेंटर आहे, देवळंही आहेत. ते सगळं सोडून या पोरीनं गाणं शोधून काढलं, तेही नाटकातलं. पेटीच्या भात्याचा वारा अंगावर घेत झोपलेली पोर ती. परमुलखात बापासाठी हुडकायला लागली तर दुसरं काय हुडकणार? भाऊंना हे कळलेलं असणार. त्यांना जत्रेचा राग नाही आलेला, वैनी. तीस वर्षं साथ केलेल्या माणसाला आता कुणी तालमीला बोलवत नाही, आणि परक्या गावात दुसऱ्या कुणाला टाळ्या पडताना बघायच्या, हे जड जातं. माझे स्वतःचे हे तबला वाजवायचे, म्हणून सांगते. शेवटची काही वर्षं कुठल्या कार्यक्रमाला यायलाच तयार नसायचे, कारण दर वेळी नवं.

म्हणून फोन तुम्ही करू नका, भाऊंना करू द्या. 'येतो' एवढं म्हणायचं, आणि कुठली चार पदं पाठवतेस ते विचारायचं.

आणि नातीला बाकाच्या मधे बसवू नका, कडेला बसवा. अर्ध्या तासात एकदा तरी तिला शू लागणार, आणि ती नेमकी पट्टी वर सरकताना.

तुमची,
अक्का